अंश सगळेच बघतात, तू भाजक बघ

प्रश्न थोडक्यात असा: "दादा, मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकते आणि इथल्या महिला बास्केटबॉल संघाचं आकड्यांचं काम बघते. डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी. आतापर्यंत ११ सामने झाले, ६ जिंकले, ५ हरले. प्रत्येकीचे सरासरी गुण, रिबाउंड, असिस्ट असा छान तक्ता मी करून दिला. कोच म्हणाल्या, 'हे मला माहीतच आहे. आपण हरतो का, ते सांग.' आता सगळ्या आकड्यांवर रिग्रेशन लावू का?"

रिग्रेशन, म्हणजे निकाल कुठल्या आकड्यावर किती अवलंबून ते सांगणारं गणिती मॉडेल, आत्ता नको. तुझ्याकडे ओळी ११ आणि रकाने पंधरा-वीस. एवढ्याशा डेटावर मॉडेल अगदी चपखल बसेल आणि पुढच्याच सामन्यात तोंडघशी पाडेल. गेली काही वर्षं मी अशाच कॉलेज संघांचे आकडे काढतोय. सुरुवात मीही तुझ्यासारखीच केली होती: रंगीत आलेख, दशांश चिन्हापुढे दोन-दोन घरं, आणि समोर कोचचा कोरा चेहरा. तुझी बेरीज-भागाकार बरोबरच असणार. घोळ आहे तो भाजकात. बास्केटबॉलमध्ये 'प्रति सामना' या भाजकावर विसंबायचं नसतं.

क्रिकेटवरून बघ. टी-२० मध्ये दोन्ही बाजूंना १२० चेंडू, म्हणून १६० विरुद्ध १५५ ही तुलना सरळ असते. बास्केटबॉलमध्ये घड्याळ ठरलेलं असतं, पण चेंडू किती वेळा हाती येणार हे ठरलेलं नसतं. तुमचे सामने १० मिनिटांच्या ४ क्वार्टरचे, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, ३० सेकंदांची. एखादा संघ त्यातले २८ सेकंद चेंडू फिरवत बसतो, दुसरा आठव्या सेकंदाला शॉट मारून मोकळा होतो. म्हणून मोजायचं ते पझेशनमध्ये. चेंडू आपल्याकडे आल्यापासून समोरच्यांकडे जाईपर्यंतची एक पाळी म्हणजे एक पझेशन. मधे शॉट चुकला आणि रिबाउंड, म्हणजे परत उडालेला चेंडू, आपणच घेतला (हा आक्रमक रिबाउंड), तर पाळी तीच चालू.

बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यातून, ती अशी काढतात: मारलेले शॉट (पडोत वा न पडोत), वजा आपले आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच गमावलेले चेंडू), अधिक ०.४७५ गुणिले फ्री थ्रो (फाउलची भरपाई म्हणून मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट). फ्री थ्रो अर्ध्याच्या आसपास धरायचे कारण ते बहुतेक जोडीने मिळतात. पण बास्केट होऊन वर एक मिळालेला फ्री थ्रो, टेक्निकल फाउलचे फ्री थ्रो, यांनी नवी पाळी खर्च होत नाही, म्हणून अर्ध्याहून थोडं कमी. एनबीएवाले ०.४४ घेतात. २० फ्री थ्रोंना या दोन आकड्यांत पाऊण पझेशनचाही फरक पडत नाही, तेव्हा त्यावर वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नकोस.

आता दोन सामने समजा, आकडे माझे.

पहिल्यात तुम्ही ६६-७० ने हरलात. शॉट ६२, आक्रमक रिबाउंड ९, टर्नओव्हर १७, फ्री थ्रो १६. हिशेब केला की ७७.६, म्हणजे जवळजवळ ७८ पझेशन. दुसऱ्यात ५८-५४ ने जिंकलात. शॉट ५४, आक्रमक रिबाउंड ८, टर्नओव्हर ९, फ्री थ्रो १२. पझेशन ६०.७.

स्कोअरबोर्ड बघून कुणीही म्हणेल, "पहिल्यात ७० गुण दिले, बचाव ढिला पडला. दुसऱ्यात ५४ वर रोखलं, शाब्बास." आता १०० पझेशनमागे काढ. पहिल्यात तुम्ही ९० दिले, दुसऱ्यात ८९. बचाव तोच! आणि ज्या आक्रमणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, ते पहिल्यात १०० ला ८५ आणि दुसऱ्यात ९६. म्हणजे ६६ गुणांचा खेळ वाईट आणि ५८ गुणांचा चांगला होता. तुमच्या कोचना हे वाक्य हवं होतं. दुसऱ्या दिवशीच्या सरावात बचावाचे ड्रिल घ्यायचे की चेंडू सांभाळण्याचे, हे त्या एका भागाकारावर ठरतं.

वेग किती फसवतो याचं टोकाचं उदाहरण तुमच्याच डिव्हिजनमधलं आहे. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचा पुरुष संघ वर्षानुवर्षं भन्नाट पद्धतीने खेळत आलाय: सगळ्या कोर्टभर प्रेस (अंगावर जाऊन केलेला बचाव), पाचच्या पाच खेळाडू एकदम बदलायचे, आणि दिसला कोपरा की मार थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. देशभर बातमी झाली. बॉक्स स्कोअर बघ: १०८ शॉटमध्ये ५२ बास्केट, त्यांत ७१ पैकी २७ थ्री. म्हणजे एकंदर ४८ टक्के आणि थ्रीला ३८ टक्के. चांगली टक्केवारी आहे, पण अशी नेमबाजी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या जिममध्ये होते. अचाट आहे तो भाजक. एका माणसाने एका सामन्यात १०८ शॉट!

पझेशनचा भाजक पक्का झाला की पुढचा प्रश्न: प्रत्येक पाळीत गुण का मिळाले किंवा का नाही मिळाले? बास्केटबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक डीन ऑलिव्हर याने याचे चार तुकडे केले आणि आज बरेच संघ तेच वापरतात: शॉट कसे पडले, चेंडू किती वेळा गमावला, चुकलेल्या शॉटचे रिबाउंड किती परत मिळवले, फ्री थ्रोच्या रेषेवर किती वेळा गेलात. त्याने त्यांना ढोबळ वजनं दिली ४०, २५, २०, १५. ती दगडावरची रेघ समजू नकोस, पण क्रम ध्यानात ठेव.

शॉटसाठी साधी टक्केवारी टाकून दे. एकीचे १० पैकी ५ पडले, सगळे दोनचे. दुसरीचे १० पैकी ४, सगळे थ्री. साध्या टक्केवारीत पहिली पुढे, गुणांत दुसरी, १२ विरुद्ध १०. म्हणून इफेक्टिव्ह फील्ड गोल नावाच्या टक्केवारीत थ्रीची बास्केट दीडपट धरतात: ५० टक्के आणि ६० टक्के.

टर्नओव्हर पझेशनने भाग. वरच्या उदाहरणात १७ भागिले ७७.६ म्हणजे २२ टक्के, आणि ९ भागिले ६०.७ म्हणजे १५ टक्के. हरलेला सामना तिथेच गेला.

रिबाउंडची गंमत वेगळी. "आज आपण १२ आक्रमक रिबाउंड घेतले" असं कुणी आनंदाने सांगितलं की मी विचारतो, शॉट चुकले किती? ४० चुकले असतील तर १२ म्हणजे ३० टक्के. आणि ज्या दिवशी ८ च मिळाले पण चुकलेच २२, तो दिवस ३६ टक्क्यांचा. वाईट नेमबाजी झाली की रिबाउंडचा आकडा आपोआप फुगतो. आक्रमक रिबाउंडचा भाजक म्हणजे आपले आक्रमक अधिक त्यांचे बचावात्मक. फ्री थ्रोचं सोपं आहे, मारलेल्या शॉटमागे किती फ्री थ्रो मिळाले ते बघ आणि पुढे जा.

हे चारही आकडे तुमचे काढ आणि समोरच्यांचेही. आठ आकडे. ११ सामन्यांची ही एवढी चौकट कागदावर डोळ्यांनी वाचता येते, मॉडेल लागत नाही.

इथपर्यंत सगळेच येतात. फसतात ते पुढच्या पायरीवर: यांतलं आपल्या हातात किती आणि नशिबाचं किती.

१६ मार्च २०१८, शार्लट. राष्ट्रीय स्पर्धेत व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ पहिला मानांकित आणि समोर युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी, सोळावा मानांकित. १९८५ मध्ये ६४ संघांची स्पर्धा झाल्यापासून पुरुषांत असे १३५ सामने झाले होते आणि १३५ च्या १३५ पहिल्या मानांकितांनी जिंकले होते. व्हर्जिनियाचा बचाव देशात नावाजलेला. मध्यंतराला २१-२१. शेवटी बाल्टिमोरवाले ७४-५४ ने जिंकले. वीस गुणांनी! "धुव्वा उडाला" याशिवाय दुसरा शब्द सुचत नाही. आता बॉक्स स्कोअर उघड. बाल्टिमोरचे थ्री २४ पैकी १२, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. थ्रीचे गुण ३६ विरुद्ध १२. ते दोन्हीकडून वजा कर: बाल्टिमोर ३८, व्हर्जिनिया ४२. तीन गुणांच्या रेषेबाहेर नशीब फिरलं नसतं तर हा अटीतटीचा सामना होता. बाल्टिमोरवाल्यांनी मोकळे शॉट तयार केले, हे श्रेय त्यांचंच. पण २४ पैकी १२ पडायचे की ८, यात त्या रात्रीचा वाटा मोठा.

आणि एक. व्हर्जिनिया देशातल्या सर्वांत संथ संघांपैकी होता. बलाढ्य संघाने संथ खेळणं म्हणजे भाजक स्वतःहून लहान करणं. पाळ्या कमी, म्हणजे नशिबाला वाव जास्त. नाणं दहादा उडव आणि शंभरदा उडव, साठ टक्क्यांवर छापा कुठे सहज येतो ते तुला ठाऊक आहे. तरीही प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी शैली सोडली नाही, आणि पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तोच संघ टेक्सास टेकला ८५-७७ ने हरवून विजेता झाला. एका रात्रीच्या आकड्यावर पद्धत मोडीत काढायची नसते, हे त्या प्रशिक्षकाला आपल्यापेक्षा बरं कळलं होतं.

हाच हिशेब तुझ्या कामात असा येतो. समजा ११ सामन्यांत समोरच्यांनी तुमच्यावर २२० थ्री मारले, ७३ पडले, ३३ टक्के. प्रमाण त्रुटी काढ: सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट धर, म्हणजे खरा आकडा २७ असू शकतो, ३९ ही असू शकतो. एवढ्या अंधारात "आपला थ्रीचा बचाव सुधारलाय" असं कोचना सांगायला जाऊ नकोस. केन पोमरॉय, जो मूळचा हवामानतज्ज्ञ आणि ज्याच्या मानांकनांशिवाय आज कॉलेज बास्केटबॉलची चर्चा होत नाही, त्याने फार पूर्वी हे दाखवलं: थ्रीवर समोरच्यांची टक्केवारी किती राहील यावर बचावाचा ताबा थोडाच असतो, ते थ्री किती मारतील यावर बराच असतो. म्हणून कोचना टक्केवारीऐवजी थ्रीच्या शॉटचं प्रमाण दे. समोरच्यांच्या फ्री थ्रोच्या टक्केवारीचा तर उल्लेखही नको. तिथे बचाव करायला कुणी नसतंच, प्रेक्षकांनी हात हलवले तर तेवढेच.

'हॉट हँड'बद्दल तुला कुणीतरी विचारेलच, म्हणून हे आडवळण. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी कॉर्नेल विद्यापीठाच्या मुलामुलींकडून शॉट मारून घेतले आणि निष्कर्ष काढला की "हात बसलाय" हा भास आहे. तीसेक वर्षं सगळे हेच शिकवत होते. मग मिलर आणि सान्हुर्हो यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की छोट्या मालिकांत सलग बास्केटनंतरच्या शॉटची टक्केवारी मोजायची ती रीतच थोडी कमी आकडा देते. ते दुरुस्त केल्यावर त्याच डेटात हात बसल्याची चिन्हं दिसतात. तुझ्यापुरता मतलब एवढाच की कोच म्हणाल्या "आज ती सेट आहे, तिलाच देऊ", तर मधे पडू नकोस.

प्रतिस्पर्धी कोण होते याचाही भाजक असतो. दुबळ्या संघांविरुद्ध १०० ला ९८ आणि तगड्यांविरुद्ध ९०, यांत दुसरं भारी असू शकतं. एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, १९८१ पासून संघांच्या क्रमवारीसाठी आरपीआय वापरला, त्यात गुणांचा पत्ताच नव्हता, फक्त जय-पराजय आणि प्रतिस्पर्ध्यांचे जय-पराजय. २०१८-१९ च्या हंगामापासून डिव्हिजन वनच्या पुरुषांसाठी त्याच्या जागी नेट आलं, त्यात पझेशनमागची कार्यक्षमता आहे. तुला एवढं जड काही करायचं नाही. प्रत्येक प्रतिस्पर्धी इतरांविरुद्ध १०० ला किती देतो ते काढ आणि तुमचा आकडा त्याच्याशी ताडून बघ. घरच्या कोर्टाचे साधारण तीन गुण धर. आणि २५ गुणांची आघाडी असताना शेवटच्या चार मिनिटांत राखीव मुली खेळल्या, तो भाग शक्य असेल तर कापून टाक.

आता खेळाडू. इथे जरा जपून, कारण आकड्यापुढे माणूस असतो. माझ्या पहिल्या हंगामात संघाचा टर्नओव्हर दर वाईट होता आणि यादीत सर्वांत वर नाव पॉइंट गार्डचं, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारीचं. मी तसं लिहून दिलं. मुलीला दोन सामने बाकावर बसवलं. दर काही सुधारेना. मग मी सगळे टर्नओव्हर व्हिडिओवर एकेक करून बघितले, तेव्हा कळलं की बऱ्याच वेळा पास योग्य जागी आणि योग्य वेळी जात होता. ज्या मुलीने कट मारून तिथे पोचायचं, ती एक पाऊल उशिरा निघत होती. बॉक्स स्कोअर चूक पास देणारीच्या नावावर टाकतो. शिवाय चेंडू तिच्याच हातात सर्वांत जास्त वेळ असायचा, तेव्हा तिच्या १०० पाळ्यांमागे दर काढला असता तर ती इतरांपेक्षा वाईट नव्हतीच. भाजक विसरलो होतो मी, आणि किंमत तिने मोजली. तेव्हापासून टर्नओव्हर मी स्वतः दोन खणांत टाकतो: चेंडू कोर्टाबाहेर गेला तो एक, आणि समोरच्यांनी हातातून पळवला तो दुसरा. पहिल्यानंतर आपल्याला मागे येऊन बचाव लावायला वेळ मिळतो. दुसऱ्यानंतर बहुतेक वेळा समोर मोकळं मैदान आणि लेअप, म्हणजे अगदी बास्केटजवळचा सोपा शॉट. बॉक्स स्कोअरमध्ये दोन्ही एकच.

प्लस-मायनसचं आकर्षण मला माहीत आहे. एखादी कोर्टवर असताना संघ किती पुढे-मागे, वाचायला फार छान वाटतं. पण तुमच्या दोन मुख्य मुली नेहमी जोडीनेच खेळत असतील तर श्रेय कुणाचं हे तो आकडा सांगू शकत नाही. स्टॅटिस्टिक्सवालीला मल्टिकोलिनिॲरिटी (एकत्र हलणाऱ्या आकड्यांचा परिणाम वेगळा करता न येणं) समजावून सांगायला नको. ११ सामने म्हणजे सगळी मिळून ४४० मिनिटं. यावर रिज रिग्रेशन (पेनल्टी लावून उत्तरं शून्याकडे ओढणारं मॉडेल) लावलंस तरी उत्तर बहुतांशी तुझ्या पेनल्टीचं येईल, मुलींचं नाही. व्यक्तीऐवजी पाच-पाचचे दोन-तीन गट बघ, तेही "अजून थोडा डेटा हवा" असं स्पष्ट लिहून.

मोठ्या विक्रमांतही हाच पेच असतो. २०२४ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने पीट मॅराविच या जुन्या खेळाडूचा कॉलेज कारकिर्दीतल्या ३,६६७ गुणांचा विक्रम मोडला आणि ३,९५१ वर थांबली. तिचे १३९ सामने, चार हंगाम. त्याचे ८३ सामने, तीन हंगाम, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळू देत नसत. आणि त्याच्या काळात थ्रीची रेषाच नव्हती. सामन्यामागे ४४.२ विरुद्ध २८.४. झालं, मॅराविच श्रेष्ठ? तो सामन्याला ३८ शॉट मारायचा. भाजक बदलला की चित्र पुन्हा बदलतं. कट्ट्यावर यावर रात्र काढता येईल.

कोचना काय द्यायचं? एक पान. वर दोन आकडे, १०० पझेशनमागे किती केले आणि किती दिले. खाली चार घटक, आपले आणि त्यांचे. आणि एक वाक्य त्यांच्या भाषेत. वरच्याच हरलेल्या सामन्यात टर्नओव्हर २२ वरून १८ टक्क्यांवर आले असते तर तीन पाळ्या वाचल्या असत्या. चेंडू न गमावलेल्या पाळीला तुम्ही १.०९ गुण करत होता, म्हणजे तीनेक गुण. सामना गेला चारने. "टर्नओव्हरचा दर ४ टक्क्यांनी कमी करा" असं लिहिशील तर पान बाजूला पडेल. "सामन्यात तीन पास वाचवा" लिही, आणि ते तीन पास कुठले ते व्हिडिओवर दाखव.

आजच रात्री अकराही सामन्यांची पझेशन काढ, दोन्ही संघांची वेगवेगळी. पाळी आलटून-पालटून येते, तेव्हा एका सामन्यात दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच यायला हवेत. एक-दोनचा फरक चालतो. पाच-सहाचा आला तर टेबलावर बसलेल्या मुलांनी कुठेतरी रिबाउंड किंवा टर्नओव्हर टिपायचा सोडलाय. तो सामना व्हिडिओ लावून पुन्हा मोज, मग पुढचं.